अकरा फेरे

नव्या प्रणालीत सहा रकाने आहेत:
निर्णय, दिनांक, उपस्थित, पर्याय, कारण, पुनर्विचार कधी.
एकही रिकामा ठेवला
की ती पुढे सोडत नाही,
साहेबांच्या दारातल्या शिपायासारखी.

भांडुपच्या पाणीखात्याच्या चौकीत बसून
मी तिला जुन्या वह्या भरवते आहे.
सुतळीने आवळलेल्या, गंजाचा वास येणाऱ्या,
कुणाच्या तरी चहात निळी शाई विरलेल्या.

पान एकशे बारा.
"टेंभीपाडा, व्हॉल्व्ह एक्केचाळीस.
अकरा फेरे उघडणे. बारावा नाही.
सर्वानुमते."
खाली पाच सह्या,
आणि मोरज्यांच्या सहीला चिकटून, मुंगीएवढ्या अक्षरात:
"सही केली. पटलं नाही."

कारण लिहिलेलं नाही.
तेव्हा ते सगळ्यांना ठाऊक होतं,
आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं
कोण कशाला लिहील?

सत्तावीस वर्षं
चावीवाले पहाटे साडेचारला झाकण उचलतात,
लांब दांड्याची चावी आत सोडतात, मोजतात,
अकराला थांबतात.
रमाकांतने परशाला सांगितलं, परशाने हुसेनला.
टेकडीवरच्या बाया बारावा मागतात.
हुसेन म्हणतो, वरून ऑर्डर आहे.
वर मी आहे.
मला माहीत नाही.

घाडीगावकरांना फोन लावला. हल्ली बदलापूरला असतात.
त्यांना आधी आठवलं, कोण कुठे बसलं होतं,
पंखा बंद होता,
मोरज्यांनी डबा उघडलाच नाही,
भजी तशीच निवली.
मग म्हणाले, "अगं, शाळेखालून लाइन जायची ना,
बिडाची, शिशाने भरलेला जोड.
बारावा फेरा दिला की सुटायचा.
मोरजे ओरडत होता, जोड बदला, फेरे कसले मोजताय!"

ती लाइन दोन हजार नऊला बदलली.
दुसऱ्या वहीत आहे, दुसऱ्या साहेबांच्या अक्षरात.
एकाच कपाटात, एकाच फळीवर,
या वहीची त्या वहीशी ओळख नाही.

म्हणजे पंधरा वर्षं
आम्ही नसलेला जोड सांभाळला.

मी टाइप करते.
कारण: शाळेखालचा जोड. आता नाही.
पर्याय: मोरज्यांनी सुचवला होता, त्याच दिवशी.
न पटलेल्यांसाठी वेगळा रकाना नाही,
म्हणून "उपस्थित"मध्येच
त्यांच्या नावापुढे त्यांचेच दोन शब्द ठेवते.
पुनर्विचार कधी: उद्या, पहाटे साडेचार.

हुसेन मोठ्याने मोजतो.
नऊ. दहा.
अकराला हात आपोआप थांबतो.
तो माझ्याकडे बघतो,
मी झाकणाकडे.
वर टेकडीवर कुणीतरी
नळाखाली रिकामी कळशी ठेवल्याचा आवाज.