हजेरीपट

चारशे बारा पानं.
वाचणारे तिघे: मार्गदर्शक, बाहेरचे परीक्षक,
आणि बायंडिंगवाला, ज्यानं विचारलं,
'मॅडम, एवढं मीठ कशाला?'
प्रबंध आता कपाटात
खाजणासारखा पडून,
आणि भरती येत नाही त्या बाजूला.

प्रणित वैती म्हणाला, नऊ मिनिटं देतो.
त्यावर एक सेकंद नाही.
नवव्या मिनिटाला माणसाचा अंगठा शिवशिवतो,
सरकवून टाकतो पुढं.

कोपरखैरणे, चौदावा मजला,
लॅपटॉपखाली आईचा पाट.
आगराचा जुना नकाशा त्यानं
आजच्या उपग्रहचित्रावर अंथरला,
गोधडीवर गोधडी,
कोपरे ओढून जुळवले
आणि म्हणाला, 'आपण आत्ता तिसऱ्या कोंडीत बसलोय.'
मी खिडकीतून वाकून पाहिलं.
खाली पार्किंगमध्ये पांढऱ्या गाड्या,
ढीग लावल्यासारख्या, ओळीनं.

पहिल्याच दिवशी कराचं प्रकरण गेलं.
मग शिलोत्र्यांचे करार.
उघाडीचं दार भरतीला कसं मिटतं
याची माझी आठ पानं: तीन सेकंद.
मी भांडले, निदान मजुरीचे दर तरी ठेव.
'दर ऐकू येत नाहीत,' तो म्हणाला,
'पावडं ऐकू येतं.'
मग वाण्याकडून दोन किलो जाडं मीठ आणलं,
न्हाणीघराच्या फरशीवर खरडत राहिलो दोघं
रात्री साडेअकरापर्यंत.
खालच्या मजल्यावरून तक्रार आली.
मीठ गुजरातचं होतं.
तेही त्यानं कापलं.

शेवटच्या दृश्यात हजेरीपटाचं एक पान.
हसूबाय कोम बाळाराम.
सहा दिवस, सहा अंगठे, शाई सुकून तपकिरी.
एक अंगठा मोठा होत जातो पडदाभर,
त्याच्या रेघांचे हळूहळू बांध होतात,
आणि मधल्या आडव्या पांढऱ्या फटीतून
प्रणितनं पाणी आत सोडलेलं,
उघाडी म्हणून.
मला ते जरा जास्तच सुंदर वाटलं होतं.
बोलले नाही.

गोठिवलीचं समाजमंदिर. आदल्या रात्रीच्या
हळदीचा मांडव अजून उतरायचा होता,
स्पीकर डीजेवाल्याचेच.
चादरीवर आगर उजाडलं.
पोरं गप्प. कुणीतरी ओळखला स्वतःचा बांध,
जिथं आता पेट्रोल पंप आहे.
टाळ्या झाल्या.
पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत,
त्र्याऐंशी वर्षांची हसूबाय मढवी
हात वर करून म्हणाली, 'मांगं ने.'

मागे नेलं.
'तो आंगठा माजा नाय.'

पंखा तेवढा वाजत होता.

'मी तवा बालतीन होतू.
नाव कापतील म्हनून माजी जाव गेली, धर्मी.
सा दिस माजे नावावर राबली.
ती बग, इला लागलेला तिचे आंगठ्याला.'
आणि काठीनं चादरीवरची
आमची उघाडी दाखवली.

प्रबंध, पान दोनशे सात:
'हसूबाई सलग सहा दिवस हजर.'
खाली तळटीप, दप्तर क्रमांकासह.
मी शपथेवर लिहिल्यासारखं लिहिलं होतं.
'तिचा नाव नाय का कंच्या कागदान?'
हसूबायनं मला विचारलं.
सहा वर्षांचे सगळे रुमाल
मनातल्या मनात सोडून पाहिले.
नाही म्हणाले.

विद्यापीठ सादर झालेला प्रबंध परत देत नाही.
चित्रफीत मात्र प्रणितच्या पाटावर उघडीच होती.
एक सेकंद वाढवणार नाही म्हणणाऱ्या त्या पोरानं
चाळीस सेकंद वाढवले:
काळा पडदा, पंखा,
खुर्ची सरकल्याचा आवाज, तिचा आवाज.

नामावली टाइप करताना फोन लावला मी.
धर्मी कोम कोण लिहू?
पलीकडे हसूबाय खेकसली,
'त्याचा नाव कशाला?
तो कवा आला आगरान?
नुसती धर्मी लिव.'