पासून पुढे

भोसरी एमआयडीसी, जे ब्लॉक.
गाडी आम्ही कुणीच पाहिलेली नाही.
आम्ही करतो तिचं झाकण,
चार्जिंगची वायर जिथे खुपसतात
त्या तोंडावरचं, तळहाताएवढं.
मी ते दाबते, सोडते, उघडतं का बघते,
पुन्हा दाबते.
टक असा आवाज आला की पास.
पाळीला अकराशे टक.

किंमत जाहीर व्हायला बारा दिवस होते
तेव्हा बोराटेने खोक्याचा पुठ्ठा फाडून भिंतीला चिकटवला.
प्रत्येकी वीस रुपये, एकच आकडा,
खाडाखोड चालणार नाही.

चोरगे म्हणाला, चौदा.
त्याच्या जावयाच्या भावाला ती ताम्हिणीत दिसली होती,
काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कापडात गुंडाळलेली.
गुंडाळलेल्या गाडीची किंमत कशी रे कळली?
तर म्हणे, चढावर आवाजच नव्हता.
आवाज नसला की महागच.

आल्हाट मावशींनी अकरा लिहिलं,
देवापुढे ठेवतात तसं.
ट्रेनिंगला आलेल्या प्रणीतने हप्ता काढला,
सात वर्षं, साडेआठ टक्के,
आणि पुठ्ठ्यावर तो हप्ताच लिहिला.
बोराटे ओरडला, गाडीची किंमत लिही.
तो म्हणाला, मला किंमत अशीच कळते.

नजमा मुलाणीने सहा वेळा नऊ काढला.
शेवटच्या नवाला पेन उमटेना.
वरचा एक रुपया कुठं गेला गं, मी विचारलं.
म्हणाली, तो आपल्यासाठी सोडतात.

मी बरेच दिवस काही लिहिलं नाही.
मला एकच किंमत पक्की माहीत होती,
झाकणाची. बिलावर असते.
एक्केचाळीस रुपये वीस पैसे, स्प्रिंगसकट.
शितावरून भाताची परीक्षा होते.
झाकणावरून होत नाही.

आठव्या दिवशी मोठ्या कंपनीतून फोन आला.
काचेच्या केबिनमध्ये शेठ उभ्यानेच बोलत होते,
हो सर, बघतो सर,
अहो सर, नुसती स्प्रिंगच चारची आहे.
संध्याकाळच्या बिलावर एकोणचाळीस साठ.
बोराटेने पुठ्ठ्याकडे बघून मान हलवली,
गाडी स्वस्त निघणार.
दुसऱ्या दिवसापासून
चारच्या चहाबरोबरची बिस्किटं बंद.
चोरगे चौदाचे बारा करायला गेला,
पण खाडाखोड चालत नव्हती.
मी तेव्हा लिहिलं, नऊ चाळीस.
बिस्किटांवरून काढलं.

जाहीर झालं तेव्हा मशीन चालूच होतं.
प्रणीतने फोन टूलबॉक्सला टेकवून ठेवला.
पडद्यावर धूर, निळे दिवे, कुणीतरी इंग्रजीत
पृथ्वीबद्दल बोललं, मग आकडा.
नऊ लाख एकोणपन्नास हजार,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, पासून पुढे.
सगळ्यात जवळ मी.
तीनशे चाळीस रुपये मिळाले,
त्यांचे मी बिस्किटांचे पुडे आणले.
चार दिवस पुरले.

झाकणाचं नंतर कळलं.
त्या किमतीच्या गाडीला आमचं झाकण नाहीच.
तिला साधं, बिनस्प्रिंगचं, रबरी दोरीला लोंबकळणारं,
ते चाकणला कुणीतरी करतं.
आमचं लागतं दोन मॉडेल वर,
साडेतेरापासून पुढे.
म्हणजे जिंकलो मीच, चोरगे म्हणाला,
आणि संपलेल्या पुड्यांचा हिशेब मागायला लागला.

परवा स्पाइन रोडला एक उभी होती, पांढरी, चार्जिंगला.
वाकून पाहिलं.
रबरी दोरी.
मालक आत बसून पेरू खात होता,
काच खाली करून म्हणाला, घ्यायचीय का ताई?
मी म्हटलं, कितीला पडली?
इन्शुरन्स, चार्जर, सगळं धरून
अकरा, तो म्हणाला. बरोबर अकरा.

आल्हाट मावशींना सांगायचं की नाही
हे मी अजून ठरवलेलं नाही.