नऊशे ग्रॅम

सोमवारी पहाटे काट्यानं दाखवले नऊशे ग्रॅम जास्त.
उतरले, मोजे काढले, पुन्हा चढले.
काटा ढिम्म.

तेवीस किलो घालवायला दोन वर्षं लागली.
काल नातवाचा बाप्तिस्मा होता,
तिसा नदीतल्या माशांचं लालभडक खारट सूप,
दोन वाडगे. दुसरा सुनेनं वाढला,
नाही म्हणवेना.

सेगेदच्या बाजारात मी वाळलेली पाप्रिका विकते.
धुक्याच्या दिवशी पोतं जड भरतं,
इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
हवेतली ओल ती,
दोन दिवस ऊन पडलं की उतरते.
पोत्याला कुणी विचारत नाही,
काल काय खाल्लंस म्हणून.

शेजारचा बेर्टालान, कांदेवाला,
"एटेल्का, तोंड का पडलंय?"
"धुकं आहे," म्हटलं.
आकाश निरभ्र होतं. तो काही बोलला नाही,
एक कांदा उगाच पुसत बसला.

दुपारी रोजचाच डबा उघडला :
राईचा पाव, उकडलेलं अंडं, अर्धी ढोबळी मिरची.
सगळं खाल्लं.
वहीत नऊशे लिहिले, पेन्सिलीनं.

गुरुवारपर्यंत काट्यावर चढायचं नाही, असं ठरवलं.
मंगळवारीच चढले.
सहाशे.