बाजू ब, तिसऱ्या गाण्यानंतर

रुवीत क्लॉक टॉवरमागे कुट्टीचं कॅसेटचं दुकान होतं.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
चिठ्ठीवर बारा गाणी लिहून द्यायची, वर एक रियाल,
गुरुवारी रात्री निवडक तयार.
कुट्टीला मराठीचा गंध नव्हता,
पण कशामागे काय लावू नये हे नेमकं कळायचं.
"दो रोनेवाले एक के पीछे एक नहीं, साब.
रूम में आठ आदमी सोता है."

माझ्या वरच्या बंकवर मुराद परकार, दाभोळचा,
प्लास्टरचं काम; केसांत कायम सिमेंट.
त्याच्या चिठ्ठीत बाराही वेळा एकच गाणं: होडीचं.
कुट्टीने पैसे परत केले.

त्या डिसेंबरात बाई स्वतःच आल्या.
शाळेचं पटांगण, लोखंडी खुर्च्या, तिकीट तीन रियाल.
आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचे सदरे घालून.
दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात सीबचं विमान डोक्यावरून गेलं,
आणि आम्ही सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, वर पाहिलं.
बाईंनी सूर धरून ठेवला, ते जाईपर्यंत.
वाट देतात तसा.

तिसरं संपलं. तबलजी हातोडीने ठोकत होता.
तेवढ्यात मुराद उभा राहिला:
"बाय, ता होडीचा म्हना गो!"

पटांगण हसलं. मी त्याचा सदरा ओढला.
बाई पाण्याचा पेला ठेवत म्हणाल्या,
"गो म्हणालात ना, आता म्हणावंच लागेल."

पुढे त्याची कॅसेट निघाली, पिवळ्या वेष्टणाची.
बाजू ब. विमान आहे. हातोडी आहे. गो आहे.
मुरादने चार घेतल्या, तीन वाटल्या.
नव्वद साली छाती धरून गावी गेला,
आणि पत्रं लिहायचा कंटाळा त्याला पहिल्यापासून.

मग बाईंची पंच्याहत्तरी, पन्नास गाण्यांचा संच,
जाड खोका, आत फोटोंचं पुस्तक.
होडीचं गाणं त्याच रात्रीचं घेतलंय.
विमान पुसलंय, टाळ्या पुसल्यात.
आवाज इतका स्वच्छ की
बाई कुणासाठी गातायत ते कळत नाही.
वाईट नाही. रविवारी मुलगा लावतो, मी ऐकतो.

मागच्या महिन्यात एक मुलगी दारात.
अल खुवैरच्या इस्पितळात नर्स, गळ्यात ओळखपत्र:
नाझनीन मुराद परकार.
"काका, मी दीड वर्षाची होते.
अब्बा कॅसेटवर बोलून पत्रं पाठवायचे,
भावाने त्यांवर रेडिओवरची गाणी भरली.
लहान होता तो.
त्यांचा आवाज कसा होता?"

कसा होता. आता कसं सांगणार.
घरात कॅसेट वाजवणारं काही उरलं नाही,
फक्त माझी जुनी कोरोला, तिचा टेप अजून चालतो.
दुपारी पार्किंगमध्ये बसलो, काचा वर, एसी बंद,
कारण एसीच्या घरघरीत शेवटून दुसरी रांग ऐकू येत नाही.

हातोडी. मग तो.

ती म्हणाली, परत.
मी मागे घेतली. परत. मागे घेतली.
फीत ओढली गेलीय,
दर वेळी मुराद थोडा जास्त घोगरा,
थोडा जास्त वयाचा.

पाचव्यांदा ती हसली, पटांगणाच्या आधी.
ओढणीने मानेवरचा घाम पुसला.
"गो कुणाला म्हणतायत?"
बाईंना, मी म्हटलं. सगळे हसले होते.
"घरी अम्मीला असंच म्हणायचे, अम्मी सांगते."

पुढे गाणं सुरू झालं, तिकडे दोघांचं लक्ष नव्हतं.
"आणि त्यांच्यानंतर हे खोकतंय कोण?"

मी, म्हटलं.
तेव्हापासून आहे.