पाण्याची रेघ

एक गलबत आमच्याकडे चार हातांनी होतं.
शिडं कुओंगची. दोरखंड थाओचे,
मांजराच्या मिशीएवढ्या कुंचल्याने, श्वास रोखून.
निशाण मालक स्वतः काढतात;
गिऱ्हाईक आधी तेच बघतं,
आणि त्याला ते खऱ्याच्या दीडपट लागतं.

माझ्याकडे पाणी.
सहा वर्षं झाली. खुला समुद्र मी पाहिलेला नाही.
मामाच्या संत्र्यांच्या होडीतून
नदीच्या मुखाशी, लिंतिन बेटापर्यंत, तेवढंच.

लीथ बंदराचा कप्तान आला, हेझलटाइन,
उन्हाने नाक सोललेला.
भिंतीवरच्या तयार आकाशांतलं एक निवडलं,
शेंदरी, वीस डॉलर, चौकटीसकट.
दुभाष्या म्हणाला:
व्हांपोआला नांगरलेलं दाखवा, चहा भरायला आलेलं.
बायको दिवाणखान्यात लावणार आहे.

ते गलबत मी ओळखत होतो.
पंधरवड्यापूर्वी लिंतिनच्या आडोशाला
गाभण म्हशीसारखं पाण्यात रुतलं होतं.
रात्रभर पेट्या उतरल्या
चाळीस-चाळीस वल्ह्यांच्या होड्यांत.
पेट्यांवर कुठल्याशा मुलखाची अक्षरं,
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी
एकाच रेघेला लोंबणारी.
व्हांपोआला पोचलं तेव्हा
तांब्याचा पत्रा हातभर उघडा,
जेवून हात धुतलेल्या माणसासारखं हलकं.

घरी थोरला भाऊ भिंतीकडे तोंड करून असतो.
आईचं चांदीचं कडं गेलं,
मग वडिलांची हिवाळ्यातली बंडी.
त्या धुराला वास गोड असतो,
हे कुणी सांगत नाही.

मी पाणी चढवलं.
दोनच बोटं. तांबं झाकलं.
व्हांपोआच्या संथ पाण्यात
गलबत लिंतिनइतकं खोल.
मालकांच्या लक्षात आलं नाही,
ते निशाणाचा तांबडा रंग पुन्हा घोटत होते.

कप्तानाच्या आलं.
त्याने अंगठा रेघेवर ठेवला, रंग अजून ओला.
माझ्याकडे नाही, पाण्याकडेच
बघत राहिला बराच वेळ.
मग एक डॉलर जास्तीचा ठेवून काहीतरी बोलला.
दुभाष्या हसला: म्हणतो, समुद्र छान जमलाय.

अंगठ्याचा ठसा मी पुसला नाही.
वाळल्यावर तो लाटेसारखाच दिसतो.

डॉलर उशाखाली ठेवून झोपलो.
सकाळी नव्हता.
भाऊही नव्हता.