ली

आठवीत मगदूम सरांनी फळ्यावर सहा शब्द लिहिले.
सीक्रेटली, स्टेल्थिली, फर्टिव्हली,
कोव्हर्टली, क्लँडेस्टाइनली,
आणि सहावा म्हणताना सरांनाच ठसका लागला:
सरप्टिशसली.
खिडकीतून वखारीचा खकाणा येत होता,
सगळं त्याच्यावर ढकललं.

अर्थ एकच, सर म्हणाले, चोरून.
एवढ्याला सहा शब्द?
लई चोरटी असणार की ती माणसं,
मागच्या बाकावरून दस्तगीर म्हणाला,
आणि निपाणीतली ती दुपार जरा हलकी झाली.

मी वहीत लिहिलं:
तो सीक्रेटला, ती सीक्रेटली, ते सीक्रेटलं.
कारण ली म्हटलं की आमच्याकडं
कुणीतरी बाई असते.
उठली, वाकली, गेली, आली,
विचारलं तर काही नाही म्हणाली.
सरांनी लाल शाईनं काट मारली.
हसले, पण गुण दिले नाहीत.

त्याच आठवड्यात मला घरात एक सीक्रेटलेली बाई सापडली.

आई उंबऱ्याशी विड्या वळायची.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
टेंभुर्णीची पानं भिजलेल्या फडक्यात,
आणि फडक्याखाली
शांतव्वाच्या धाकट्याची कन्नड अंकलिपी,
कोपरे खाल्लेली.
पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून झाला
की एक अक्षर.
बोटं थांबायची नाहीत, ओठ तेवढे हलायचे.

आपली अक्षरं दोरीवर वाळत घातल्यागत, ती म्हणाली,
यांची सुपात पाखडल्यागत, सगळी सुटी.
आणि ए दोन असतात गं यांच्यात,
एक तोकडा, एक लांब.
अप्पाला सांगू नकोस.

कसं सांगणार?
एक नोव्हेंबरला अप्पा दंडाला काळी फीत बांधून जायचे.
फीत आईच शिवायची,
जुन्या पोलक्याच्या अस्तरातून, दुहेरी टीप घालून.
कचेरीचा कागद आला की अप्पा
उलटा करायचे, सुलटा करायचे,
आमच्या भाषेत पाठवू देत, मग बघतो,
आणि कोनाड्यात टाकायचे.
दोनदा वीज तोडली त्या कोनाड्यानं.

मग वीज तुटायची बंद झाली.
रात्री कागद कोनाड्यात असायचा,
सकाळी अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात, घडी घातलेला,
आणि खाली, जिथं सही करायची तिथं,
पेन्सिलीचा एक ठिपका.
जोंधळ्याएवढा.

शांतव्वा भिंतीपलीकडून एकच शब्द शिकवायची वरचेवर:
सुम्मने.
म्हणजे गप्प.
म्हणजे उगीच, असंच, कारण काही नाही.
काय करतीस गं हौसाक्का? सुम्मने.
इंग्रजीचे सहा त्यात बसतात
आणि वर जागा उरते.

अंकलिपी संपली त्या पावसाळ्यात
सुपाखाली दुसरं पुस्तक आलं.
पहिलीचं, कोरं, किंमत खोडलेली.
आईला वाटलं मी आणलं.
मला वाटलं शांतव्वानं.
शांतव्वा म्हणाली, देवाशप्पथ नाही.
पुस्तकाला जर्द्याचा वास होता,
पण आमच्या घरात
कशाला नव्हता?

रात्री जेवताना आईनं भाकरी मोडता मोडता विचारलं,
बाजारात गेला होता का?
अप्पा म्हणाले, असंच.
आमटी वाढ.

मगदूम सरांना मी हे कधी विचारलं नाही,
की गडीमाणसानं केलं तर
त्या शब्दांच्या शेवटी काय लावायचं.
मी फक्त एकदा बघितलं,
दाराआड उभी राहून, सहाही प्रकारे:
अप्पांनी कागद गुडघ्यावर ठेवला,
ठिपका शोधला,
त्याच्यावर वळणदार मराठीत सही केली,
शेवटी आडवी रेघ ओढली,
आणि रेघेबाहेर राहिलेला तो ठिपका
अंगठ्याला थुंकी लावून
पुसला.