पश्चिमेकडचा आडोसा

झाड क्रमांक एक ते एकोणतीस: लेलँड सायप्रस.
लावणाऱ्याला घाई होती, झाडांनाही.
चाळीस वर्षांत ती दिव्यांच्या खांबांना भिडली
आणि खालून उघडी पडली,
परकर वर खोचून चिखलातून जाणाऱ्या बायांसारखी.
आडोसा हवा तिथे नुसत्या काटक्या.
वर, जिथे कुणीच राहत नाही, तिथे गर्द हिरवं.

मी लाकडी हातोडीने खोडं वाजवत जातो.
तेरावं भरीव. चौदावं भरीव.
पंधरावं माठासारखं बोललं.
बुंध्याशी साल सोलली तर आत काळे दोर,
बुटाच्या नाड्यांसारखे: बुरशी.
क्वीवाने खडूने फुली मारली
आणि हात पँटला पुसला.

डोनल लिडी, क्लबचा चिटणीस, मागे मागे.
त्याला एकच विचारायचंय: किती दिवसांत वाढेल?
दिवसांत, म्हणतो.
हर्लिंगचा मोसम तोंडावर, दिवे नवे, प्रखर,
आणि पलीकडच्या घरातून पत्रं येतात,
निळ्या शाईत, महिन्याला एक.

मी सांगतो: होली, रानपाइन, सदाहरित ओक.
दोन रांगा, एकीच्या फटीसमोर दुसरीचं झाड.
क्लेअरचा वारा समुद्रावरून मीठ घेऊन येतो,
ते सोसणारी, गुडघ्याएवढी रोपं.
यू नको, शेजारच्या कुरणात गाई आहेत,
एक घास पुरतो.
"गुडघ्याएवढी?"
मोठं झाड उपटून आणलं की तीन वर्षं रुसून बसतं,
तोवर लहानगं त्याला गाठतं.
पण दिवा झाकायला बारा वर्षं. लिहून घ्या. बारा.

हे पत्रवालीला सांगायला मलाच पाठवलं.
ब्रीड हेहिर, वय एक्क्याऐंशी.
"बारा," ती म्हणाली, आणि लगेच, "त्र्याण्णव."
मग चहात दूध ओतलं.
"लावा. इतकी वर्षं अंधारात झोपले,
आता उजेडात झोपायला शिकते."

मागच्या दाराशी बादली.
बादलीत चेंडू, चामड्याचे, शिवणी उसवलेले,
एकाला कोबीचं पान चिकटलेलं.
सदतीस. या वर्षीचे.
"झाडं झाली की हे थांबेल, नाही?"
थांबेल, मी जरा ऐटीतच म्हणालो,
होलीतून मांजरसुद्धा जात नाही.

ती बराच वेळ बादलीकडे बघत राहिली.
"मग पोरं कुठून येणार?"

पोरं. चिखलाच्या मोज्यांची,
त्या उघड्या काटक्यांखालून रांगत येणारी,
चेंडूला एक माफी, माफीला एक बिस्किट.
"धाकटा लोर्कन तर मुद्दाम मारतो इकडे.
त्याला वाटतं, मला कळत नाही."

नोव्हेंबरात खणलं. पाऊस आडवा.
सशांसाठी नळ्या, वाऱ्यासाठी खुंट्या,
आणि क्वीवा टाचेने माती दाबत गेली,
झोपलेल्याची गोधडी खोचावी तशी.
लावली एकशे चार. आराखड्यात एकशे सहा.
डोनलने दोनदा मोजली.
मी अहवालाचं चौथं पान उघडून दिलं:
पश्चिम बाजू, जुन्या पंधराव्या झाडाची जागा,
बुरशीमुळे रिकामी सोडावी.
पुढे: देखभालीसाठी वाट, रुंदी अर्धा मीटर.
"अर्ध्या मीटरातून कोण शिरणार?"
मी नळ्यांची बिलं शोधू लागलो.

डिसेंबरात पत्र आलं, या वेळी माझ्या नावाने.
निळी शाई. दिवे अजून डोळ्यांत येतात.
शिवाय डावीकडून सहावं रोप वाकडं लावलंय.

रविवारी जाऊन पाहिलं.
होतं वाकडं.